सतरा नंबरच्या घराचं विरजण

१२ जानेवारी, सकाळ

चार वर्षं झाली पोरगी विद्यापीठात आहे आणि दह्याला दही म्हणायचं विसरली. नमुना म्हणते. काल आली, दारात बूट झटकले, आजी कशी आहेस वगैरे काही नाही. पहिलं वाक्य, नमुना कधी लावलास? मी म्हटलं, नमुने तुझ्या विद्यापीठात असतील, माझ्याकडे दही असतं.

ही राली. रालित्सा. माझ्या पेत्कोची मुलगी. पेत्को स्पेनमध्ये ट्रक चालवतो आणि ईस्टरला फोन करतो. राली तिकडे शहरात, प्लोव्दिवला, डॉक्टरेट करते. विषय काय, तर म्हाताऱ्या बायकांचं विरजण. एकेचाळीस घरांतून ते गोळा करायचं, मशीनमध्ये घालायचं, आणि कुठलं विरजण कुठल्या कुळीचं, कुणाकडून कुणाकडे गेलं ते शोधायचं. एवढ्याला चार वर्षं. मला विचारलं असतं तर कोण कधी कुणाच्या दारी भांडं घेऊन उभी होती ते मी एका दुपारी सांगितलं असतं, आणि वर कॉफी पाजली असती.

आम्ही सतरा नंबरचं घर. माझ्या आईने लग्नात फडक्याला लावून, वाळवून दिलेलं विरजण. एकसष्ट वर्षं चालू आहे. राली म्हणते, सतरा नंबर फार दुर्मिळ आहे. अठरा नंबर म्हणजे कुंपणापलीकडची वेल्का. तिच्याविषयी मी लिहिणार नाही.

रालीने वही दिली आहे, तक्त्याची. तारीख, वेळ, दूध किती गरम, किती तासांनी लागलं. ती वही तिची. ही दुसरी माझी. ही कुणी वाचायची नाही.

महिन्यातून एकदा येते. विरजणाचं काम निघण्याआधी नाताळ आणि ईस्टरलाच यायची, बस. मला त्याचं काही नाही. नोंद म्हणून लिहिलं.

निश्चय: असल्या शिक्षणाचा काडीचा उपयोग नाही हे तिला पटवायचं. पटलं की खालच्या गावच्या शाळेत नोकरी धरेल. बसने पंचवीस मिनिटं. हे तिच्या भल्यासाठी.

१९ जानेवारी

उणे चौदा. नळ गोठला. विरजण मेलं.

दुपारी दूध लावलं, घोंगडीत गुंडाळलं, चुलीशी ठेवलं. सात तासांनी दूध. चौदा तासांनी दूध. सकाळी दूधच, फक्त नासकं.

कारण स्पष्ट आहे. वेल्का.

लिहिणार नाही म्हटलं होतं, पण नोंद पाहिजे. ऑगस्टच्या उकाड्यात तिचं विरजण गेलं. सप्टेंबरात एका संध्याकाळी मी शेळीपाशी असताना आत आली आणि टेबलावरच्या मडक्यातून वाटीभर उचलून नेलं. सूर्य मावळल्यावर विरजण घराबाहेर जात नाही, घराची बरकत जाते, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. वेल्का म्हणते, मावळला नव्हता, डोंगरावर कड दिसत होती. मी म्हटलं, कड तुझ्या डोळ्यातल्या मोतीबिंदूची असेल. ती म्हणाली, त्रेंदाफिले, तीस वर्षं तुझ्या घरात मी पायपुसण्यावर पाय पुसून येतेय, आज चोर झाले का? मी म्हटलं, हो. तेव्हापासून बोलणं बंद. तिच्या गाईचं दूधही बंद. आता मंगळवार-शुक्रवारी मिन्चो पावाच्या गाडीत आणतो ते खोक्यातलं दूध.

दुसरं कारण थंडी. तिसरं रालीचं थर्मामीटर. मडक्याचा ताप बघते. माझा कधी बघितला नाही.

आधीचं दही अकरा दिवसांचं झालं होतं, पण त्याने काय होतं? मला पुरतं अकरा दिवस. आईच्या घरी तीन दिवसांत मडकं संपायचं, कारण आम्ही आठ जण होतो आणि सगळे खादाड.

२३ जानेवारी

मिन्चोकडून कारखान्याच्या दह्याचा एक प्लास्टिकचा डबा घेतला. एकच चमचा विरजणाला. फसवणूक नाही. आईचं विरजण मडक्याच्या मातीत मुरलेलं आहे, त्याला फक्त जागं करायचं. बाहेरचा माणूस बोलावून झोपलेल्याला हलवतात तसं.

आठ तासांत लागलं. सुरीने कापावं असं. म्हणजे आईचं जागं झालं.

डबा चुलीत टाकला. दोन तास घरात घाण वास. पुढच्या वेळी जमिनीत पुरावा.

१ फेब्रुवारी

राली आली. बर्फाची पेटी, नळ्या, रबरी हातमोजे. माझ्या दह्याला हातमोजे!

विचारलं, नेहमीचंच? मी म्हटलं, नेहमीचंच. खोटं काय त्यात. मडकं नेहमीचंच होतं.

नमुना घेतला, नळीवर १७ लिहिलं, मग दोन वाट्या खाल्ल्या. मग बीन्सचं सूप. मग वेल्काकडे गेली, अठरा नंबर घ्यायला. तिथे अर्धा तास. माझ्याकडे दोन तास दहा मिनिटं. मी मोजत नव्हते, घड्याळ समोर आहे.

जाताना म्हणाली, आजी, माझ्या प्रबंधाचा तिसरा भाग सगळा तुझ्या घरावर उभा आहे. मी म्हटलं, माझ्या घराचं छप्पर बघ आधी, तुझा भाग कशाला वर चढवतेस.

मशीनला काही कळणार नाही. मशीनला आजी नव्हती.

१ मार्च

मनगटाला वसंताच्या स्वागताचा लाल-पांढरा दोरा बांधून घेतला. रालीनेच वळून आणलेला. शेळीलाही बांधला. शेळीने खाल्ला.

आज प्रश्नांचा कागद होता. मडकं किती दिवसांत संपतं? तीन, मी म्हटलं. कोण कोण खातं? मी म्हटलं, लोक येतात-जातात. कोण लोक? मी म्हटलं, तू पोलिसात आहेस का? ती म्हणाली, नाही गं, रकाना आहे. मग थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसली. आमच्या गल्लीत आता दोनच धुराडी चालू आहेत, बघण्यासारखं काही नाही.

मग हळूच विचारलं, आजी, जानेवारीत काही बदललं का? नळ गोठला होता, मी सांगितलं.

निश्चय: तीन दिवसांत मडकं संपवायचं. म्हणजे कागदावरचं खरं होईल.

२ मार्च

सकाळी दोन वाट्या. दुपारी लसूण घालून सूप. संध्याकाळी दोन वाट्या. सोपं आहे.

३ मार्च

सकाळी एक. दुपारी बानित्साच्या पिठाच्या थरांत घातलं, उरलेलं वर ओतलं. बानित्सा चारजणांची झाली. संध्याकाळी नको वाटलं. हवामान.

४ मार्च

पोट. कोंबड्यांना दिलं. कोंबड्यांनी पाय पुसले त्यात.

मडकं अर्धं आहे. हे लहान मडकं आहे, मोठ्याची तर गोष्टच नको. कुंभाराची चूक, घरात किती माणसं आहेत न विचारता एवढं मोठं करतात.

निश्चय रद्द नाही, पुढे ढकलला.

२१ मार्च

आजचा पाव शिळा. मिन्चोने डबा हातात देताना डोळा मिचकावला. म्हणाला, त्रेंदाफिला आजी, विद्यापीठ तुझ्याकडे दही शिकायला येतं आणि तू दर आठवड्याला माझ्याकडून प्लास्टिकचा डबा घेतेस, हे काय गौडबंगाल? मी म्हटलं, मांजरासाठी. तो म्हणाला, तुझं मांजर तर दोन वर्षांपूर्वी मेलं. मी म्हटलं, नवीन आहे, लाजाळू आहे, माणसांसमोर येत नाही.

२३ मार्च

मिन्चोच्या जिभेला हाड नाही. सकाळी मी वेलांची छाटणी करत होते. वेल्का तिच्या अंगणातून तिच्या नवऱ्याशी, मित्कोशी, बोलल्यासारखं करत मला ऐकवत होती. म्हणाली, मित्को, काही काही घरची मांजरं बघ किती शिकलेली, कारखान्याचंच दही खातात, घरचं त्यांना चालत नाही. मित्को अर्धा बहिरा, त्याने विचारलं, कुणाचं लग्न आहे?

मी शेळीकडे वळून म्हटलं, बघ गं बाई, चोराच्या उलट्या बोंबा. शेळीने उत्तर दिलं नाही, पण तिचं मत मला माहीत आहे.

कुणीतरी म्हणेल, वेल्काकडे तुझ्या आईचं विरजण आहे, जाऊन माग. असं म्हणणारं कुणी नाही, पण म्हणेल. त्याला माझं उत्तर: अंधारात नेलेलं विरजण माझ्या आईचं राहत नाही. शिवाय तिच्या हाताने ते आंबट झालं असेल. शिवाय मी कुणाच्या दारी जात नाही.

६ मे, पहाटे

आज संत गॉर्गीचा सण. आज जे विरजण धरतं ते वर्षभर टिकतं. आई सांगायची, विरजण नसेल तर गॉर्गीच्या पहाटे गवतावरचं दव आणि लाल मुंग्यांच्या वारुळातली काडी दुधात घालावी. देव बाकीचं करतो. कारखान्याच्या डब्यातून सुटका. राली पुढच्या आठवड्यात येते तोवर अस्सल तयार.

याला म्हणतात संशोधन. पगार नाही, मशीन नाही.

६ मे, सकाळ

फडकं गवतावर ओढून दव धरलं. कोपरापर्यंत भिजले. वारुळात काडी घातली. मुंग्यांना सण माहीत नव्हता. दोन्ही हात सुजलेत. काडी दुधात, मडकं घोंगडीत.

गावात पूर्वी आज बारा घरांत कोकरू भाजायचं. आज खालच्या अंगाला एका घरी गाणी लागली आहेत. आवाज फार. बरं झालं लांब आहे.

७ मे

दूध ताणलं जातं. चमचा उचलला की दोन हात लांब दोरी. वास पायमोज्यांचा. चार मुंग्या जिवंत.

आईने एखादी गोष्ट सांगायची बाकी ठेवली असेल. किंवा दव कमी पडलं, आजकाल दवही पूर्वीसारखं नाही. डुकराला द्यावं तर डुक्कर वेल्काचं.

शुक्रवारी मिन्चो येतो.

८ जून

राली आली नाही. फोनवर म्हणाली, लिखाण चाललंय. बरं झालं. मीही कामात होते.

दही तयार होतं. सतराव्या दिवशी फेकलं.

२० ऑगस्ट

मिन्चो उन्हाचा माझ्या ओसरीवर टेकला. विचारलं, आजी, रालीची ती डॉक्टरेट झाली की तिला नक्की काय येईल? नळ दुरुस्त करता येईल? मी म्हटलं, नाही. गाडी? नाही. गाय व्याली तर? मी म्हटलं, तिला गाय लांबून आवडते. मग तो डोकं खाजवत म्हणाला, माझ्या मेव्हण्याच्या पोराने दगडांवर डॉक्टरेट केली, आता हॉटेलात चाव्या देतो, पण काय झोकात देतो!

मला राग आला. का आला कळलं नाही, कारण मीच हे इतकी वर्षं म्हणते आहे. म्हटलं, ऊठ, तुझा पाव वाळतोय. माझी नात दह्याच्या एका थेंबातून सांगू शकते ते कुणाच्या घरचं आहे. तो म्हणाला, मग तर तुझं अवघड आहे, आजी.

गाढव.

५ ऑक्टोबर

राली आली. पेटी आणली नाही. म्हणाली, नमुने घेणं संपलं, आजी. आता फक्त लिहायचं, आणि मार्चमध्ये परीक्षकांसमोर उभं राहायचं.

मी म्हटलं, एखादा घेऊन ठेव, कमी पडला तर? नको म्हणाली. मी म्हटलं, ताजं लागलंय, नळी नसेल तर काचेची बाटली देते. ती म्हणाली, खरंच नको, खूप झाले.

मग तीन तास बसली. लाकडं फोडली. कशासाठी आली होती ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. वेल्काकडेही गेली, तिथे हसण्याचे आवाज.

ती गेल्यावर विचार केला. म्हणजे मी प्रबंध वाचवला. कुणाला काही कळलं नाही. प्रबंध तडीस गेला.

आणि प्रबंध तडीस गेला की ती कशाला येईल, हा विचार पाव कापताना आला. बोट कापलं. मिन्चोकडच्या सुऱ्या भलत्या धारदार.

१४ मार्च, प्लोव्दिव, बसस्टँडवर

सगळं आत्ताच लिहून ठेवते, बसला पन्नास मिनिटं आहेत.

काळा ड्रेस घातला. मोठा हॉल, खुर्च्या मऊ, बहुतेक रिकाम्या. पुढे टेबलाशी पाच परीक्षक. राली उभी. मी दुसऱ्या रांगेत, शेजारी एक विद्यार्थी पेंगत होता, त्याला कोपर मारलं.

पडद्यावर तक्ता. एकेचाळीस ओळी. घराचा नंबर, विरजण कुठून आलं, किती वर्षं, आणि एक रकाना: खाणारी माणसं. मला वाचता येतं, चौथीपर्यंत शाळा झाली आहे. सतराच्या ओळीत तिथे १ होतं.

लोक येतात-जातात असं मी सांगितलं होतं. तिने १ लिहिलं.

मग राली म्हणाली, आम्हाला वाटत होतं ही जुनी विरजणं थंडीने मरतात, किंवा रोगाने, किंवा बायका विसरतात म्हणून. तसं नाही. विरजण तीन-चार दिवसांत नव्या दुधात गेलं पाहिजे. म्हणजे मडकं संपलं पाहिजे. ज्या घरात दोन किंवा जास्त माणसं जेवतात तिथे ते टिकतं. एकच माणूस जेवतं अशी एकोणीस घरं होती. त्यातल्या चौदा घरांत आमच्या डोळ्यांदेखत विरजण मेलं. नंतर त्या घरांतून जे आलं ते दुकानातलं होतं. बायका एकट्या असतात, मडकं संपत नाही, एवढंच कारण आहे.

थंडी नाही. थर्मामीटर नाही. सूर्य मावळण्याविषयी तर एक शब्द नाही.

मी खोकले. खोकला खरा होता.

शेवटी एक टकला परीक्षक म्हणाला, काम सुंदर आहे, पण साधा प्रश्न विचारतो, या सगळ्याचा प्रत्यक्ष उपयोग काय? मी मान डोलावली. शेवटी कुणीतरी विचारलं. गेली किती वर्षं मी हेच विचारते आहे.

राली पाणी प्यायली. म्हणाली, उपयोग हा की ज्या घरात विरजण मेलं त्यांना ते कुठे जिवंत आहे हे सांगता येतं. उदाहरणार्थ, घर सतराचं विरजण फार जुनं आणि वेगळं होतं. सतरामध्ये ते गेल्या वर्षीच्या जानेवारीत मेलं. पण त्याआधी चार महिने ते घर अठरामध्ये गेलं होतं. तिथे दोन माणसं आणि एक डुक्कर आहे. तिथे ते आजही रोज लागतं. परीक्षकाने विचारलं, दोन घरांत अंतर किती? राली म्हणाली, तीस पावलं. मी मोजली आहेत.

हॉल हसला. माझ्या शेजारचा पेंगणारासुद्धा. नंबरच सांगितला, नाव नाही, देवाची कृपा. पण मला वाटलं ड्रेसवर १७ शिवलेलं आहे.

पास झाली. पाचही जणांनी हात मिळवला. मीही मिळवला, टकल्याशी जरा जोरात.

बस आली.

१५ मार्च

राली माझ्यामागोमाग आली, केक घेऊन. मी विचारलं, तुला कधी कळलं? म्हणाली, गेल्या वर्षी फेब्रुवारीतच. एका दुपारात. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, तू बोलतेस का बघत होते. आणि आजी, तुझी तक्त्याची वही मी सगळ्यांना दाखवली, एकेचाळीस घरांत इतक्या सुबक अक्षरात कुणी थापा मारल्या नाहीत.

जीभ माझीच आहे तिची. पेत्कोकडून आलेली नाही.

मी म्हटलं, म्हणजे वर्षभर माझा नमुना कुचकामी होता? हो, म्हणाली. मग पेट्रोल जाळत कशाला येत होतीस? ती म्हणाली, अगं आजी. आणि पुढे काहीच नाही, केक कापायला लागली. डॉक्टर झाली आणि वाक्य पुरं करता येईना.

मग सांगितलं. डेन्मार्कला बोलावणं आलंय. तिथल्या लॅबमध्ये, दोन वर्षं. याच कामामुळे. तुझ्यामुळे म्हण ना, म्हणाली.

मी म्हटलं, तिथे दही खातात का? म्हणाली, खातात, पण गोड. मी म्हटलं, मग त्यांना तुझी गरज आहे.

केक दोघींच्या मानाने फार मोठा होता.

३० मार्च

गेली. विमान दुपारचं होतं. इथून वर काही दिसत नाही, ढग होते. मी काही वर बघत बसले नव्हते, कपडे वाळत घातले होते.

प्रबंधाची चार पानं छापून टेबलावर ठेवून गेली, मला समजतील अशी. तीन वेळा वाचली. सतराच्या ओळीत एकाचा आकडा अजून तसाच.

निश्चय: आजपासून दही बंद. दुधातच कॉफी.

१ एप्रिल

मिन्चोने डबा पुढे केला. मी म्हटलं, नको. तो म्हणाला, मांजर गेलं का? मी म्हटलं, डेन्मार्कला. त्याने डबा परत गाडीत ठेवला. पाव दिला आणि टोपी काढून उभा राहिला, जणू मयत आहे.

दही नाही तर जेवल्यासारखं वाटत नाही. दोन दिवस झाले.

३ एप्रिल, सकाळी अकरा

मी मागायला जात नाही आहे, हे आधी लिहून ठेवते. मी कुणाच्या दारी जात नाही. विद्यापीठाच्या छापील कागदावर लिहिलंय की घर सतराचं विरजण घर अठरामध्ये आहे. पाच परीक्षकांनी सह्या केल्या आहेत. शिकलेल्या माणसांनी सरकारचा एवढा पैसा घालून शोधून काढलं, तर त्याचा मान ठेवला पाहिजे. कागद ड्रेसच्या खिशात घेतला आहे, कमीजास्त झालं तर दाखवायला.

आधी लहान मडकं घेतलं. मग ठेवलं. लहान नेलं तर ती म्हणेल, एकटीपुरतं. मोठं घेतलं. मोठं भरलं तर चार दिवसांत संपणार नाही, तेही कागदावर आहे, म्हणजे अर्धं तिच्याकडेच राहील किंवा तिला इकडे येऊन खावं लागेल. तो तिचा प्रश्न. मित्को आला तर येऊ दे, त्याला ऐकू येत नाही, त्रास नाही.

डोंगरावरच्या सूर्याच्या कडेविषयी मी बोलणार नाही. तीही बोलली नाही तर.

विरजण मागताना धन्यवाद म्हणायचं नसतं, नाहीतर धरत नाही. हे एक बरं आहे.

फाटकाशी उभी राहीन आणि एकदाच हाक मारीन. दुसऱ्यांदा नाही. मित्को अंगणातच बसलेला दिसतोय, ऐकू येत नसलं तरी ओ द्यायची त्याला खोड आहे. त्याने ओ द्यायची नाही. वेल्कानेच द्यायची.